पाहुण्यांसाठी माहिती, ऑल्बनसाठी धडा

५ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळ.

आज माझा अपमान झाला. चारचौघांत. चालत्या बसमध्ये.

सकाळी टाउनहून परत येत होतो. ड्रायव्हरच्या मागची, खिडकीची, माझी नेहमीची सीट. फणसाच्या वळणावर ऑल्बन कॅडोर चढला. वाकला, माझ्या गुडघ्यांना घासून मागे गेला, बसला. गुड मॉर्निंग नाही. मला नाही, ड्रायव्हरला नाही, कुणालाच नाही.

आमच्या ग्रेनाडात कोंबडी चोरायला आलेला माणूससुद्धा आधी मालकाला गुड मॉर्निंग म्हणेल. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, रस्ता विचारताना, भांडायला जातानासुद्धा आधी गुड मॉर्निंग. हे आईच्या दुधातून येतं. आणि हा ऑल्बन! तीस वर्षं दर शनिवारी डॉमिनोजच्या टेबलावर माझ्यासमोर बसणारा माझा जोडीदार!

फणसाचं वळण ते आमच्या पेति रोश गावची जेटी, एवढा वेळ मी मान वळवली नाही. मानेत अजून कळ येते आहे.

निश्चय: तो स्वतः येऊन गुड मॉर्निंग म्हणेपर्यंत मी त्याच्याशी एक अक्षर बोलणार नाही. आणि तो आला, तरी उत्तर देणार नाही. त्याला कळू दे कसं वाटतं ते.

निश्चय दुसरा: नुसत्या अबोल्याने भागणार नाही. ऑल्बनची जिरवायची.

६ नोव्हेंबर, मंगळवार. दुपार.

हत्यार सापडलं. माझ्याच हातात होतं.

पेति रोशच्या जेटीवरच्या माहिती केंद्राचा मी प्रमुख आहे. (कर्मचारीही मीच.) लोक त्याला पिवळी टपरी म्हणतात, म्हणोत. बोटीतून उतरणारा प्रत्येक परदेशी पाहुणा आधी माझ्यापुढे उभा राहतो आणि मी त्याच्या हातात एक कागद ठेवतो. ‘पाहुण्यांसाठी उपयुक्त माहिती’. दर मोसमाला तो मी स्वतः लिहितो. वाहनं डावीकडून चालतात. नळाचं पाणी प्यायला हरकत नाही. पोहण्याच्या कपड्यांत गावात हिंडू नये. बस थांबवायची असेल तर पत्र्यावर ठोकावं. रविवारी बसची वाट पाहू नये. आणि पहिलाच मुद्दा, ठळक अक्षरांत: काहीही विचारण्याआधी गुड मॉर्निंग म्हणावं.

गेल्या वर्षीच्या कागदात शेवटी होतं: ‘राहण्यासाठी: कॅडोर गेस्ट हाउस. स्वच्छ. समोर समुद्र. मालक बोलका.’

बोलका! मीच लिहिलं होतं हे. आज खोडलं. नव्या कागदात: ‘राहण्याची सोय: नाही.’

ऊनाला वाचून दाखवलं. बायकोला नवऱ्याच्या कामात रस असावा अशी माझी साधी अपेक्षा. ती मासा साफ करता करता म्हणाली, “मग लोकांनी झोपायचं कुठे?” मी म्हणालो, टाउनमध्ये. ती म्हणाली, “शेवटची बस तर पाचला जाते.” मी म्हणालो, तो त्यांचा प्रश्न. ती म्हणाली, “अरे, पण त्यांचे प्रश्न सोडवायलाच तर तुला तिथे बसवलंय ना?”

बायकांना धोरण कळत नाही.

८ नोव्हेंबर, गुरुवार.

पाठीवर घर घेऊन फिरणारे दोन डॅनिश लोक आले. गुड मॉर्निंग न म्हणता थेट विचारलं, “हॉटेल?” मी आधी गुड मॉर्निंग वदवून घेतलं. मग कागदावर बोट ठेवलं: नाही.

त्यांचे चेहरे पडले. मला वाईट वाटलं, पण युद्धात असं होतंच.

तेवढ्यात शेजारून लिस्ट्रा ओरडली, “नाही कसं? ऑल्बनचं आहे की!” लिस्ट्राची खाऱ्या माशाची आणि बेक्सची, म्हणजे तळलेल्या पावांची, गाडी माझ्या केंद्राला खेटून आहे. हे अंतर वाढवावं म्हणून मी वरती अर्ज केलेला आहे. ती आमच्या गावच्या डॉमिनोज संघाची कॅप्टनही आहे, त्यामुळे आपला आवाज सगळीकडे पोचलाच पाहिजे असा तिचा समज आहे. कढई तशीच टाकून ती त्या दोघांना ऑल्बनच्या दारापर्यंत सोडून आली.

आल्यावर मला म्हणाली, “मिस्टर टेलेस्फर्ड, डोळे तपासून घ्या हो. कागदावर एक अख्खं घर लिहायचं राहिलं तुमचं.”

सोडून दिलं. ती कॅप्टन आहे म्हणून.

१० नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ.

तीस वर्षांत पहिल्यांदा डॉमिनोजला गेलो नाही. गाव हादरलं असणार.

आमच्या व्हरांड्यातून लिस्ट्राच्या डॉमिनोजच्या शेडमधला आवाज ऐकू येतो. आज सोंगट्या आपटल्याचा आवाज फारसा आला नाही. माझ्याविना खेळ रंगत नाही हे उघड आहे.

ऊनाला म्हटलं, एक डाव खेळू. ती म्हणाली, “मला कपडे वाळत घालायचेत. तुला खेळायचंच आहे, तर जा की शेडमध्ये.” मग मला सोमवारची हकिगत सांगावी लागली. ऐकून ती इतकी हसली की दाराला धरून उभी राहिली. म्हणाली, “अरे देवा! सोमवारी ऑल्बनची दाढ काढली टाउनमध्ये! तोंडात हा एवढा कापसाचा बोळा होता त्याच्या. बोलणार कसा?”

हे मला ठाऊक नव्हतं. पण त्याने काही फरक पडत नाही. बोळा तोंडात होता, हातात नव्हता. हात वर करता आला असता.

ऊना म्हणाली, “केला होता. तुझ्या मागच्या सीटवर मिसेस फ्रेम होती, तिने पाहिलं. तू खिडकीच्या काचेत बघून टोपी नीट करत होतास.”

मिसेस फ्रेमला मोतीबिंदू आहे. साक्ष ग्राह्य नाही.

ऊना मग गंभीर झाली. म्हणाली, “क्लॅरिससारखी बायको गेल्यापासून त्या माणसाला कोण आहे रे? एक शेळी, आणि शनिवार. तो शनिवार तरी नको काढून घेऊस.”

माझ्या मनाला हे लागलं, हे इथे नोंदवतो. पण मला लागलेलं कुणाला दिसतं? मी काही दगड नाही.

निश्चय कायम.

१३ नोव्हेंबर, मंगळवार.

चूक लक्षात आली. ‘नाही’ म्हणून भागत नाही, कारण घर सगळ्यांना दिसतं. आता सत्य सांगायचं, आणि पूर्ण सांगायचं. सत्याने माणूस जसा मरतो तसा खोट्याने मरत नाही.

नवीन कागद चर्चच्या ऑफिसातून छापून आणला. शेवटचा मुद्दा असा: ‘कॅडोर गेस्ट हाउसमध्ये जाऊ नये. शेवटचा रस्ता कच्चा आहे. इंटरनेट नाही. टीव्ही नाही. गरम पाणी ऊन पडलं तरच. कोंबडा पहाटेच ओरडतो आणि त्यानंतर थांबत नाही. जेवण मागितल्यावर मालक मासा धरायला समुद्रावर जातो, त्यामुळे फार उशीर होतो. शेळी खोलीत येते. मालक अखंड बोलतो.’

तीनदा वाचलं. एक शब्द खोटा नाही. कोर्टात उभं राहून वाचू शकेन.

रात्री जेवण छान गेलं. दोनदा वाढून घेतलं.

१७ नोव्हेंबर, शनिवार.

लोकांचं डोकं फिरलं आहे.

परवा एक इंग्लिश बाई आल्या. वय झालेल्या, उन्हाने लाल झालेल्या. कागद वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, “इंटरनेट नाही? खरंच नाही?” मी म्हणालो, अजिबात नाही, मॅडम. म्हणाल्या, “आणि शेळी खोलीत येते?” मी म्हणालो, हाकलली तरी येते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या की असं काहीतरी त्या किती वर्षं शोधत होत्या. आठवडाभराचं सामान घेऊन गेल्या.

काल चार जण. आज बोट आली, तिच्यातून उतरून एक जोडपं माझ्यासमोर कागद नाचवत विचारतं, “मासा धरायला मालक जातो तेव्हा आम्हाला नेईल का?”

दुपारी घरी गेलो तर पाहुण्यांच्या खोलीतली गादी गायब. ऊना म्हणाली, “ऑल्बनकडे दिली. त्याच्याकडे माणसं मावेनात. बिचारा स्वतः जमिनीवर झोपतोय.”

माझी गादी! माझ्या शत्रूच्या घरी! माझ्याच बायकोने डोक्यावरून वाहून नेली!

जाताना तिला त्याने माझी चौकशी करत विचारलं म्हणे, “हेस्कीचं काय चाललंय?” ती म्हणाली, “कामात आहे.” निदान एवढं तरी बरं बोलली.

आज शनिवार होता. गेलो नाही.

२० नोव्हेंबर, मंगळवार.

नवी योजना, बिनखर्चाची. ऑल्बनचा पत्ता विचारणाऱ्याला पत्ता सांगायचा, पण आमच्या पद्धतीने. “जुनं थिएटर होतं तिथे डावीकडे वळा. पुढे वादळात पडलेलं आंब्याचं झाड. ते ओलांडलं की मिस क्लेमंटिनाचं घर. ती वारली, पण कुणीही सांगेल.” थिएटर माझ्या लहानपणी जळलं. आंब्याचं झाड लोकांनी चुलीत घातलं. हिंडू देत.

संध्याकाळ.

सकाळी दोन जर्मनांना असं पाठवलं. ते खरंच हिंडले. थिएटरच्या जागी मिसेस फ्रेमने त्यांना कोको टी पाजला. आंब्याच्या जागी कुणाच्या तरी बारशाच्या ऑइल डाउनचं, नारळाच्या दुधातल्या विलायती फणसाचं, पातेलं शिजत होतं, तिथे त्यांना पानं भरून वाढलं. मिस क्लेमंटिनाच्या भाच्याने त्यांना मावशीची कबर दाखवली. मग सगळे मिळून त्यांना ऑल्बनकडे पोचवून आले. जर्मन परत माझ्याकडे आले ते आभार मानायला. म्हणाले, इतकी सुंदर पदयात्रा त्यांनी कुठेच केली नव्हती, आणि उद्या दुसरी एखादी आहे का?

मला बारशाचं आमंत्रण नव्हतं, हेही यातून कळलं.

२४ नोव्हेंबर, शनिवार.

आजचा दिवस लिहावा की नाही यावर बराच विचार केला. लिहितो. इतिहास प्रामाणिक असला पाहिजे.

सकाळी एक धिप्पाड अमेरिकन उतरला. अंगात लष्करी चट्ट्यापट्ट्यांची पँट. असले कपडे आमच्याकडे कायद्याने बंद आहेत. सैनिक सोडून कुणीही घालू नयेत, लहान मुलानेही नाही. माझ्या कागदावर मुद्दा चौथा. एरवी मी असा माणूस लांबून दिसला तरी ओरडत त्याच्याकडे पळतो.

आज मी तोंड मिटून बसलो. सगळ्या कारकिर्दीत पहिल्यांदा माहिती दिली नाही. फार त्रास झाला. जीभ टाळूला चिकटवून धरली होती. त्याच्या हातात कागद न देता फक्त ऑल्बनच्या घराकडे हात केला. आणि तो दिसेनासा झाल्यावर कॉन्स्टेबल फिलिपला निरोप धाडला: कॅडोरच्या घरी बेकायदा कपडे आहेत. पोलीस दारात, पाहुणा गजाआड, ऑल्बनची नाचक्की. साधी, सुटसुटीत योजना.

कॉन्स्टेबल दुपारी माझ्याच केंद्रावर आला. “गुड आफ्टरनून, मिस्टर टेलेस्फर्ड.” मी गुड आफ्टरनून म्हणालो आणि बातमी ऐकायला पुढे वाकलो.

बातमी अशी. ऑल्बनने त्या अमेरिकनाला दारातच थांबवलं, स्वतःची पँट घालायला दिली (ती त्याच्या पोटऱ्यांपर्यंतच आली), आणि ती चट्ट्यापट्ट्यांची स्वतः ठाण्यावर नेऊन जमा केली. कॉन्स्टेबलला सोबत दोन तळलेले मासे दिले. अमेरिकन आता त्याच पँटमध्ये गावभर हिंडतो आहे आणि लोक त्याला ‘छोटा ऑल्बन’ म्हणतात.

मी म्हणालो, ठीक आहे, धन्यवाद. पण कॉन्स्टेबल जाईना. माझ्या डोक्याकडे बघत राहिला. म्हणाला, “ती टोपी, मिस्टर टेलेस्फर्ड.”

टोपी माझ्या बहिणीने ब्रुकलिनहून गेल्या ख्रिसमसला भेटवस्तूंच्या पिंपात पाठवलेली. तांदूळ, साबण, टोपी. हिरव्या-तपकिरी रंगाची. मी सांगितलं, ही पानाफुलांची नक्षी आहे. कॉन्स्टेबल म्हणाला, “फुलं कुठेयत?”

लिस्ट्रा कढई सोडून बघायला आली. बोटीची रांग थांबली. कॉन्स्टेबलने मला माझाच कागद काढून मुद्दा चौथा मोठ्याने वाचायला लावला. वाचला. टोपी गेली.

लिस्ट्रा म्हणाली, “बरं झालं हो, आता तुमचं टक्कल वाऱ्याला मिळेल.”

संध्याकाळी शेडकडे बघितलंसुद्धा नाही. टोपीशिवाय कसा जाऊ?

२८ नोव्हेंबर, बुधवार.

सूर्य उगवला. इतक्या दिवसांच्या छळानंतर देवाने माझ्याकडे पाहिलं.

तीन दिवसांपासून पाहुणे माझ्या केंद्रावर येतात ते काही विचारायला नाही. निव्वळ मला भेटायला. समोर येतात, टाचा जोडून उभे राहतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, “गुड मॉर्निंग, मिस्टर टेलेस्फर्ड!” काही जण तर डोक्यावरची टोपी काढतात. मी गुड मॉर्निंग म्हणालो की खूष होऊन निघून जातात. एका बाईने टाळ्याच वाजवल्या.

हा माझ्या कागदाचा पहिला मुद्दा फळाला आला! परदेशी माणसाला शिष्टाचार शिकवणं म्हणजे खेकड्याला सरळ चालवणं. ते मी करून दाखवलं. वरिष्ठांना कळवावं म्हणतो.

माझ्याकडूनही कमी पडू देत नाही. उठून उभा राहतो. गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग, झोप झाली का, कुटुंब कसं आहे, सगळं विचारतो. लिस्ट्रा तिकडे कढईत तोंड घालून हसते. जळते.

ऑल्बनने बघावं. जगभरातून माणसं येऊन मला मान देतात, आणि तू, शेजारच्या गल्लीतला!

१ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळ.

आज मोर्न व्हेर गावाच्या संघाशी सामना होता. व्हरांड्यात बसून कान लावला. आवाज नाही. सोंगट्यांचा नाही, भांडणाचा नाही. मोर्न व्हेरवाले लवकरच आपल्या बसने परत गेले, गाणी म्हणत.

ऊना म्हणाली, “पुन्हा हरलो. न खेळताच.” मी विचारलं, न खेळता म्हणजे? ती म्हणाली, “जाऊन बघ.” मी म्हणालो, मला काय त्याचं. ती म्हणाली, “मग विचारतोस कशाला?”

तरी चुळबुळ झाली. मोर्न व्हेरकडून हरणं म्हणजे काय ते आमच्या गावालाच ठाऊक. एकदा मी आणि ऑल्बनने त्यांना सलग सहा डावांत पाणी पाजलं होतं, तेव्हा त्यांच्या कॅप्टनने सोंगट्या समुद्रात फेकल्या होत्या. ऑल्बन पोहत जाऊन त्या घेऊन आला होता. असो. शत्रूच्या आठवणी काढू नयेत.

५ डिसेंबर, बुधवार.

मान वाढतोच आहे. आज त्रिनिदादचं एक अख्खं कुटुंब आलं, आजीपासून नातवापर्यंत, आणि एकेकाने वेगवेगळं गुड मॉर्निंग म्हटलं. मी एकेकाला वेगवेगळं उत्तर दिलं. घसा बसला.

मग एक म्हातारं कॅनेडियन जोडपं. गृहस्थ म्हणाले, “गुड मॉर्निंग, हेस्की.”

हेस्की! या नावाने मला आई हाक मारायची, ती गेली. आणि दुसरा एकच माणूस मला तसं म्हणतो. यांना कसं कळलं? विचारलं, तर बाई हसल्या आणि म्हणाल्या, “तुमची कीर्ती फार आहे.”

खोटं नसावं.

८ डिसेंबर, शनिवार.

दुपारी ऑल्बन केंद्रावरून गेला. हातात मासळीची टोपली. मी वेळेत पाहिलं आणि पाठ फिरवून भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड केलं. अशी संधी पुन्हा येत नाही, म्हणून चांगला वेळ तसाच उभा राहिलो. तो माझ्या पाठीमागे थांबला आहे, तळमळतो आहे, शब्द शोधतो आहे, हे मला पाठीला जाणवत होतं.

लिस्ट्रा शेवटी म्हणाली, “मिस्टर टेलेस्फर्ड, तो केव्हाच गेला. आणि तुमची बोटही रिकामी होऊन माणसं बसमध्ये बसली.”

त्याने माझ्या पाठीकडे नक्की किती वेळ पाहिलं, हे तिला विचारायचं होतं. विचारलं नाही.

आज दाढीही केली नाही. कुणासाठी करायची? शनिवार फार लांबतो.

१५ डिसेंबर, शनिवार. सकाळी अकरा.

लिहून काढतो.

बोट नुकतीच लागलेली. केंद्रासमोर माणसांची गर्दी. लिस्ट्राकडे रांग. कॉन्स्टेबलही बेक खात उभा. आणि त्या सगळ्यांतून ऑल्बन कॅडोर सरळ माझ्यासमोर आला, टेबलावर कोपर टेकलं आणि म्हणाला, “हेस्की, कॅरियाकू बेटाची फेरीबोट उद्या किती वाजता सुटते रे? पाहुणे विचारतायत.”

बस्स. एवढंच. पुन्हा गुड मॉर्निंग नाही!

मी इतके आठवडे ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो हा. उठलो. टेबलावर मूठ आपटली. तयार करून ठेवलेलं भाषण सोडलं. “ऐका सगळ्यांनी! हा माणूस पहा! तेव्हा दाढ होती, बोळा होता, मिसेस फ्रेम होत्या. आज काय आहे? तोंड मोकळं आहे ना? दुकानात, बसमध्ये, चर्चमध्ये आम्ही आईबापांनी शिकवलेलं विसरत नाही, आणि हा माझा तीस वर्षांचा जोडीदार माझ्या दारात उभा राहून मला गुड मॉर्निंग म्हणत नाही! कॉन्स्टेबल, तुम्ही साक्षीदार!”

मला वाटलं, आता हा रडणार.

ऑल्बनने डोकं खाजवलं. म्हणाला, “अरे, सकाळीच पाठवलं की. त्या कॅनडावाल्यांबरोबर. मिळालं नाही?”

मी म्हणालो, काय पाठवलं?

“गुड मॉर्निंग. रोजच पाठवतो. घरातून निघणाऱ्या प्रत्येकाच्या हाती. म्हणतो, आधी जेटीवर जा, हेस्कीला माझं गुड मॉर्निंग सांगा, मग कुठे जायचं तिकडे जा. मी स्वतः आलो असतो तर तू उत्तर दिलं नसतंस. ऊनाने सांगितलं होतं ना मला, पहिल्याच आठवड्यात. म्हटलं, त्याचा निश्चय मोडायला नको.”

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

लिस्ट्रा झारा घेऊन पुढे आली. “आणि तुम्ही उत्तर दिलंत हो! रोज दिलंत! उठून उभं राहून दिलंत! माझ्या या दोन कानांनी ऐकलंय. झोप झाली का, कुटुंब कसं आहे…”

“हो ना,” ऑल्बन म्हणाला. “पाहुणे संध्याकाळी येऊन सांगायचे, हेस्कीने कुटुंबाची विचारपूस केली. मी शेळीला कळवायचो.”

कॉन्स्टेबलच्या तोंडातला बेक बाहेर आला. ते कॅनेडियन जोडपं मागेच उभं होतं, त्यांनी हात हलवला. बोटीतून आत्ताच उतरलेली, ज्यांना या प्रकरणाची काही माहिती नाही, तीही माणसं हसत होती.

फेरीची वेळ सांगितली. माहिती केंद्राचं ते कामच आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

शेडमध्ये गेलो होतो. खेळायला नाही. ऑल्बनची काय अवस्था झाली आहे, एवढंच बघायला.

मोर्न व्हेरवाले परतीच्या सामन्यासाठी आले होते. ऑल्बन त्याच्या जागेवर बसला होता. समोरची खुर्ची रिकामी. मी दारात दिसलो तसा त्यांचा एक जण ओरडला, “आज तरी खेळायचंय, की बसूनच हरायचंय?”

मी लिस्ट्राला बाजूला घेऊन विचारलं. ती हळू आवाजात बोलली. या बाईला हळू आवाज आहे, हे मला आजच कळलं. म्हणाली, “दर शनिवारी येतो. तिथे बसतो. मी म्हटलं, माझा भाऊ बसवते समोर, मिसेस फ्रेमचा जावई बसवते. नाही म्हणतो. ती जागा हेस्कीची आहे म्हणतो. मग वेळ संपली की सामना सोडून देतो आणि घरी जातो. भांडून थकले मी त्याच्याशी.”

मी म्हणालो, म्हणजे माझ्या बहिष्काराचा चांगलाच परिणाम झाला म्हणायचा.

लिस्ट्राने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “हो. झाला. बसा आता.”

बसलो. खुर्चीवर धूळ नव्हती. कुणीतरी पुसली होती.

दोन्ही संघांचे पाच-पाच डाव झाले. शेवटचा डाव. सोंगट्यांवरचे ठिपके एकमेकांत मिसळत होते. टेबलावरच्या सोंगट्यांच्या रांगेत एका टोकाला चौका होता. ऑल्बनला चौकाच हवा होता, हे मला त्याच्या बसण्यावरून कळत होतं. तीस वर्षांत ते मला नेहमीच कळत आलंय. आणि मी जोरात, मनगट उचलून, टेबल हादरवून, नेमकी त्याच टोकावर सोंगटी आपटली आणि माझ्याच जोडीदाराची वाट बंद केली.

हरलो. मोर्न व्हेरवाले टेबलावर चढले. कॉन्स्टेबलने कपाळाला हात लावला. लिस्ट्राने माझ्या आईवडिलांपासून सुरुवात केली आणि खाली येत येत माझ्या टोपीपर्यंत पोचली. मिसेस फ्रेमलासुद्धा ती सोंगटी दिसली म्हणे. शेडमधल्या प्रत्येक माणसाने मला काही ना काही ऐकवलं.

ऑल्बनने सोंगट्या गोळा केल्या, डबीत भरल्या, डबी माझ्याकडे सरकवली. एक अक्षर बोलला नाही.

फार बरं वाटलं.